'अतिथी गायिका', 'पाहुणी गायिका' की नुसतं 'सोबत'?

धरमपेठ : महिन्यातून एका शनिवारी नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या घरी आठ-दहा जण जमतात आणि एखादा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. त्याआधी मी पानभर मराठी टिपण काढून सगळ्यांना देतो. या वेळी स्नार्की पपी या अमेरिकन बँडचा २०१३ चा 'फॅमिली डिनर – व्हॉल्यूम वन' ऐकायचा आहे. बासवादक मायकेल लीगने २००४ मध्ये टेक्सासमधल्या डेंटन गावी उभा केलेला हा फंक-जॅझ बँड. मुळात वाद्यांचाच, गाणारं त्यात कोणी नाही. या अल्बमसाठी मात्र त्यांनी गाणाऱ्यांना बोलावलं आणि व्हर्जिनियातल्या रोअनोक इथे लोकांसमोर सगळं ध्वनिमुद्रित केलं. लेला हॅथवे, मलिका तिरोलियन, शायना स्टील, मॅग्डा जियानिकू अशी नावं आहेत. एकीचं गाणं झालं की दुसरी येते.

टिपणात मी 'अतिथी गायिका' असं लिहिलं आणि तिथेच अडलो. शाळेत आपल्याला 'अतिथी' शिकवला तो 'ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही' असा. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांची फोड सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, घरोघर फिरत येणारा अशीही फोड आहे. दोन्हींत आमंत्रण नाही. इथे तर बोलावणं गेलेलं, गाणं ठरलेलं, तालीम झालेली. जॅझच्या बैठकीत ऐकायला आलेला एखादा वादक मध्येच वाद्य घेऊन वर चढतो आणि दोन चिजा वाजवून उतरतो. तिकडे त्याला 'सिट-इन' म्हणतात. तो माझ्या मते खरा अतिथी. लेला हॅथवे पाहुणी आहे. 'पाहुणी गायिका' कानाला कसं वाटतं?

सीताबर्डी : कानाला लग्नघरासारखं वाटते, खरं सांगतो. आमच्याकडे 'पाहुणे आले' म्हटलं की जावई आला, नाही तर मुलगी पाहाले आले. आणि पाहुण्याले आपण कामाले लावतो का? त्याले पाटावर बसवतो, वाढतो. ही बाई तर येऊन गाऊन राहिली. नागपुरात कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'प्रमुख अतिथी'च छापतात, तेच सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

धरमपेठ : भाऊ, ते 'प्रमुख अतिथी' हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे जास्त रुळलं असं मला वाटतं. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, 'मुख्य अतिथी' रोज कानावर पडायचं. पुण्याकडच्या पत्रिकेत 'प्रमुख पाहुणे' दिसतील. कामाचं म्हणाल, तर सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'पाहुणे कलाकार' कधीपासून आहेत आणि ते काम करूनच जातात. विद्यापीठात शिकवायला बाहेरून येणाऱ्यांना 'अभ्यागत प्राध्यापक' म्हणतात. तोही शब्द मी गाण्याला लावून पाहिला, पण त्याला कार्यालयाचा वास येतो.

व्याकरण पाहणारी : एक छोटी सोय-गैरसोय. पाहुणा गायक, पाहुणी गायिका, पाहुणे गायक असं रूप बदलावं लागतं. 'अतिथी' सगळीकडे तसाच राहतो. म्हणून छापणाऱ्यांना तो आवडत असावा.

इतवारी, तबला : मी वेगळ्या बाजूनं बोलतो. आमच्या पत्रिकेवर काय असते? वर मोठ्या अक्षरात गायकाचं नाव, खाली बारीक 'साथसंगत' आणि मग आम्ही दोघं-तिघं. 'साथ' या शब्दातच गायक मालक होऊन बसतो. तुमच्या या बँडमध्ये उलटं आहे. घर वाद्यवाल्यांचं, येणारी गायिका. म्हणून 'साथ : स्नार्की पपी' लिहिलं तर चूक होईल. 'पाहुणी' मले याच कारणानं पटला. पाहुणी म्हटलं की यजमान आपोआप उभा राहतो. 'अतिथी'तही राहतो म्हणा, पण 'पाहुणी'त घर दिसते.

धरमपेठ : इतवारीवाले दादा, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट सापडत नव्हतं. मराठीत गाणं-वाजवणं यांच्या नात्याचे जवळपास सगळे शब्द गायकाच्या बाजूनं झुकलेले आहेत : साथ, साथीदार, संगत. आपल्या पूर्व विदर्भातलं खडी गंमत हे लोकनाट्य घ्या. शाहीर पुढे आणि सूर धरणारे झीलकरी मागे. वाजवणारा मुख्य आणि गाणारा त्याच्याकडे आलेला, अशी मांडणी सांगणारा तयार शब्द मला तरी आठवत नाही. फक्त तबल्याच्या एकलवादनात पेटीवाला लेहरा, म्हणजे एकच सुरावट पुन्हापुन्हा, धरून बसतो, तिथे पारडं फिरतं. फंकमध्ये बास आणि ड्रम एकच तुकडा धरून घोळवत राहतात, त्याला 'व्हॅम्प' म्हणतात. त्याच्यासाठी मी टिपणात सरळ 'लेहरा' लिहिलं आहे. चालेल का?

इतवारी, तबला : धावेल. आणि ऐकणाऱ्यांना समेची खूणही सांगा. फंकचा मोठा गायक जेम्स ब्राऊन आपल्या वादकांकडून पहिल्या मात्रेवर जोर मागायचा, तिकडे त्याले 'द वन' म्हणतात. आपला श्रोता सम शोधतच बसलेला असतो, त्याले फंक पटकन समजते.

सीताबर्डी : बरं, 'फंक'ले मराठी काय?

धरमपेठ : काही नको, 'फंक'च ठेवू. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ उग्र वास, घामाचा कोंदट वास. 'ग्रूव्ह'ला, म्हणजे सगळ्यांच्या वाजवण्यातून जमून येणाऱ्या लयीला, मात्र मी 'चाकोरी' लिहून पाहिलं. बैलबंडीच्या चाकांनी पांधणीत पडलेली वाट, चाक एकदा त्यात बसलं की बंडी आपली आपण चालते. चित्र अगदी तंतोतंत आहे. पण मराठीनं 'चाकोरीबद्ध' म्हणून म्हणून त्या शब्दाला कंटाळवाणा करून ठेवलं. खोडून 'ठेका' केलं. वाईट वाटलं.

व्याकरण पाहणारी : आणि अल्बमच्या नावाचं काय करणार? 'कौटुंबिक भोजन' नका लिहू, दादा.

धरमपेठ : नाही ताई. मी 'पंगत' लिहिलं आहे.

महाल : पंगत कशी? पंगतीत एकाचं घर, त्याचाच स्वयंपाक, बाकीचे जेवणारे. मी हा अल्बम ऐकला आहे. लेला हॅथवेनं गायलेलं 'समथिंग' तिचं स्वतःचं आहे, १९९० च्या तिच्या पहिल्या अल्बममधलं. बाकीच्यांनीही आपापली गाणी आणली, बँडनं ती आपल्या पद्धतीनं वाजवली. प्रत्येकीनं आपला डबा आणायचा आणि एकत्र बसून खायचा, याला आपण शाळेत काय म्हणायचो? अंगतपंगत. 'समथिंग'च्या शेवटाकडे तर लेला एकाच गळ्यातून एका वेळी दोन-तीन सूर काढते, चित्रफितीत वादकांचे चेहरे पाहा. दुसऱ्याच्या डब्यात असलं काही निघालं की आपले चेहरे असेच व्हायचे.

धरमपेठ : अंगतपंगत! दोन दिवस हाच शब्द शोधत होतो. आता 'पाहुणी'सुद्धा थोडा ढिला पडतो, कारण अंगतपंगतीत पाहुणं कोणीच नसतं. 'समथिंग'ला २०१४ मध्ये ग्रॅमी मिळालं, त्या नोंदीतही बँडच्या नावापुढे 'विथ लेला हॅथवे' एवढंच आहे. 'विथ' म्हणजे सोबत. 'साथ'मधला लहान-मोठेपणा 'सोबत'मध्ये नाही. बाजारात जाताना शेजारीण सोबत येते, तशी.

२०१६ च्या दुसऱ्या भागात पेरूची सुसाना बाका आणि मालीचा सलिफ केता आहेत. ते घर आणि भाषा दोन्ही ओलांडून आले, त्यांना मी 'पाहुणे' म्हणेन. तो भाग पुढच्या महिन्यात ऐकू.

उद्याच्या टिपणाचा मथळा असा करतो :

अंगतपंगत, भाग पहिला. वादन : स्नार्की पपी. सोबत : लेला हॅथवे आणि इतर.

इतवारी, तबला : 'वादन' वर आणि 'सोबत' खाली. हा कागद मी घरी जपून ठेवीन.