रानपिंगळ्याचा धोका खरंच कमी झालाय का? रेड लिस्टमध्ये वर्ग बदललाय म्हणून विचारते

मुक्ता_अकोला
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेत वन्यजीव सप्ताह असतो, तर यावेळी वाघ-बिबट्या सोडून रानपिंगळा या छोट्या घुबडावर पोस्टर करायचं ठरवलंय, मेळघाट आपल्याला एवढा जवळ आणि मुलांना हा पक्षी माहीतच नाही. अडचण अशी आलीये की लायब्ररीतल्या पुस्तकात तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे आणि आययूसीएनच्या रेड लिस्टवर (कुठल्या प्राणी-पक्ष्याला किती धोका आहे त्याची जागतिक यादी) नुसता ‘संकटग्रस्त’ दाखवतंय. एक पालक म्हणाले मग संख्या वाढली असणार, चांगलीच बातमी आहे. खरंच वाढलीये का? मुलांसमोर चुकीचं काही जायला नको. आणि गावातल्या साध्या पिंगळ्यापासून हा वेगळा कसा ओळखायचा तेही कुणीतरी सांगा प्लीज.

डोंगरवाट_नाशिक
मुक्ताताई, पुस्तक जुनं आहे एवढंच. २०१८ साली त्याला अतिसंकटग्रस्तमधून काढून संकटग्रस्तमध्ये टाकलं. पण पक्षी वाढले म्हणून नाही हो! लोकांनी जास्त जंगलं पालथी घातली, नवीन ठिकाणी सापडला, म्हणून एकूण अंदाज वर गेला. आता सगळे मिळून २५० ते ९९९ प्रौढ पक्षी असावेत असं धरतात, आणि त्याच नोंदीत संख्या ‘घटतेय’ असंही लिहिलंय, ते कुणी वाचत नाही. गणित असं आहे की अशा घटत्या, तुकड्या-तुकड्यात राहणाऱ्या पक्ष्याचे प्रौढ २५० च्या आत असले की अतिसंकटग्रस्त, २५०० च्या आत असले की संकटग्रस्त. म्हणजे हा खालच्या रेषेच्या जेमतेम वर आहे. एखाद्या मोठ्या शाळेत याच्यापेक्षा जास्त पोरं असतात. आणि हा जगात फक्त भारतात आहे, तोही मध्य भारताच्या थोड्याशा पट्ट्यात, त्यामुळे इथून गेला की गेला.

हा शंभरावर वर्षं कुणाला दिसलाच नव्हता, १९९७ मध्ये पुन्हा सापडला. त्यानंतर सुरुवातीच्या वर्षांत जो सर्व्हे झाला त्यात १४ जंगलं शोधून फक्त ४ ठिकाणी मिळून २५ पक्षी दिसले होते. नंतर मेळघाटात बरेच निघाले, यावल, मध्य प्रदेशात खकनारकडे, मग २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात, गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यात. हे पक्षी तिथे आधीपासूनच असणार ना, आपण बघत नव्हतो.

जुनी_नोंदवही
वरच्या उत्तरात भर घालतो कारण ‘आपण बघत नव्हतो’ याला मोठा इतिहास आहे आणि मुलांना तो फार आवडेल. ह्यूम या इंग्रज पक्षी-अभ्यासकाने १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं, पहिला नमुना (म्हणजे मारून जतन केलेला पक्षी) आताच्या छत्तीसगडमधला. मग खानदेशात डेव्हिडसन नावाच्या साहेबाने शहादा-तळोद्याकडून काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पुढे शंभरावर वर्षं कुणालाच दिसला नाही. मधे एक नमुना होता १९१४ चा, गुजरातमधल्या मांडवीचा म्हणून, कर्नल माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाचा. पक्षी शोधणारे तिकडे जाऊन हात हलवत परत यायचे. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षी-अभ्यासक बाईंनी म्युझियममधले नमुने बारकाईने तपासले तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनच्याच पक्ष्यांपैकी एक, म्युझियममधून चोरलेला, पुन्हा भुसा भरून खोटं लेबल लावलेला. ते लेबल बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबॉट खऱ्या जुन्या जागांवर गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला. ११३ वर्षांनी! एका माणसाच्या खोटेपणामुळे शोध चुकीच्या जागी होत राहिला आणि तेवढ्या काळात खानदेशातलं जंगल किती गेलं याचा विचार केला की राग येतो.

धारणीवाला
ताई, मी मेळघाटातलाच. आकड्यांचं वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं, मी जंगलाचं सांगतो. याला सागाचं मोकळं पानझडी जंगल लागते, फार दाट नाही, खाली जमीन दिसली पाहिजे कारण तो उंच वाळक्या फांदीवर बसून खाली सरडा, पाल, उंदीर हेरतो आणि झडप घालतो. आणि घरट्याला ढोली लागते. स्वतः कोरत नाही तो, सुतार पक्ष्याने केलेली नाहीतर आपोआप पडलेली ढोली घेतो, ती मिळते जुन्या मोठ्या झाडात. आता जुनं वाळलेलं उभं झाड म्हणजे लोकांच्या नजरेत सरपण आणि पूर्वी फॉरेस्टच्या नजरेतही निकामी झाड, तेच आधी तुटते. पोस्टरवर एक ढोलीवालं वाळलं झाड नक्की काढायला लावा पोरांना.

दुसरं वणवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, वारा असला की आग पुढे निघून जाते, त्यात सरडे-पाली मरतात आणि ढोलीतली पिल्लं पण सापडू शकतात. आमच्या गावात आता बरेच जण जाळण्याऐवजी झाडून काढतात किंवा खाली जाळी बांधतात, फुलं पण स्वच्छ मिळतात. लोकांना दोष देऊन काही होत नाही, मोहावर त्यांचं वर्षाचं मीठमिरची चालते, सोय करून दिली तर ऐकतात.

तिसरं म्हणजे घुबड अपशकुनी ही समजूत. जादूटोण्यासाठी पिंगळे-घुबडं मारतात, दिवाळीच्या आसपास जास्त. शाळेतून हे पोरांच्या कानावर गेलं तर घरी जाऊन तेच बोलतील, माझ्या मते पोस्टरचा सगळ्यात मोठा उपयोग तोच.

शहापूर_बर्डर
मला वर्ग बदलल्याचं थोडं वाईटच वाटलं, स्पष्ट बोलतो. अतिसंकटग्रस्त म्हटलं की अधिकारी पण कान टवकारतात, बातम्या येतात. आता कुठे रस्त्याचा नाहीतर लाइनचा विषय निघाला की ‘तो आता तेवढा दुर्मिळ राहिला नाही’ असं ऐकायला मिळतं. त्यात त्याच्या अधिवासाचा बराच भाग अभयारण्याच्या बाहेर, साध्या राखीव जंगलात आहे, शहादा-तळोद्याकडे तर जास्तच. तळोद्याचं जंगल आधीच सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी दिलं गेलं, त्यांचाही दोष नाही पण जंगल गेलं ते गेलं.

आमच्या तानशाकडे वेगळाच त्रास. फोटोसाठी येणारे मोबाईलवर त्याचा आवाज वाजवतात, नर समजतो दुसरा नर हद्दीत आला, मग तो शिकार सोडून अर्धा अर्धा तास ओरडत फिरतो. विणीच्या काळात तर हे अजिबात करू नये. आणि नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका, हात जोडून सांगतो.

डोंगरवाट_नाशिक
@शहापूर_बर्डर भावना समजते पण खरा आकडा लपवून वरचा वर्ग टिकवायचा हे मला पटत नाही, उद्या कुणी मोजलं तर आपल्या सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास उडेल. कायद्यात काही फरक पडलेला नाही हे लोकांना सांगा. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत, रेड लिस्टचा वर्ग बदलल्याने ते संरक्षण कमी होत नाही. कुणी ‘आता दुर्मिळ नाही’ म्हणालं तर हे आणि ‘घटतेय’ हा शब्द, दोन्ही पुढे करायचे. मला जास्त भीती तुकड्यांची वाटते. तानसा कुठे, मेळघाट कुठे, मधे शेती, गावं, हायवे. एका तुकड्यातले संपले तर दुसरीकडून येऊन ती जागा कोण भरणार.

मुक्ता_अकोला
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. असं लिहिते मग: ‘संकटग्रस्त. प्रौढ पक्षी १००० पेक्षा कमी, संख्या घटते आहे, फक्त भारतात.’ आणि धारणीवाले भाऊ, ढोलीचं झाड पोस्टरच्या मधोमध. ओळखायचं कसं तेवढं राहिलं.

धारणीवाला
हो ते राहिलंच. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, ठिपके असले तरी अगदी पुसट. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोट पांढरंशुभ्र. चोच आणि पाय अंगाच्या मानाने दणकट, पायावर पांढरी पिसं. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि बिथरला की शेपूट डावी-उजवीकडे झटकतो, ते एकदा पाहिलं की विसरत नाही माणूस. शिवाय हा दिवसा शिकार करतो, सकाळी उन्हात उघड्या फांदीवर बसलेला दिसतो, त्यामुळे पोरांना चित्रात रात्र आणि चंद्र काढू देऊ नका.