विषय: मोठ्या स्मोकरला कोळसा कुठला घ्यायचा? (खानापूर)

मंडळी नमस्कार,
डिसेंबरात आपल्यातले बरेच जण बेळगावला असणार म्हणून खानापूरला आमच्या मळ्यावर जेवण ठरतंय, ड्रमचा मोठा स्मोकर (धुरावर मंद आचेनं मटण शिजवायची भट्टी) वेल्डरकडून करून घेतलाय, सहा-सात तास मंद चालला पाहिजे. इथं आम्ही पिशवीतली ब्रिकेट (कोळशाचा चुरा दाबून केलेल्या वड्या) वापरतो, तिकडं तीच मागवू का? भावाला आणायला सांगणार आहे. गावाकडचं कुणीतरी कळवा.

*

दादा, नुसतं ब्रिकेट म्हणून मागू नका. इकडं ब्रिकेट म्हटलं की बॉयलरला घालायचे भुशाचे नाहीतर उसाच्या चिपाडाचे दाबलेले ठोकळे गळ्यात मारतात, तो कोळसा नव्हेच, जाळलं की नुसता धूर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा हार्ड कोक कुणी स्वस्तात देतो म्हटला तरी नको, दगडी कोळशाचा असतो तो, त्यात गंधक असतं.

बाभळीचा लाकडी कोळसा बघा. पोतं उघडून दोन तुकडे एकमेकांवर आपटायला सांगा भावाला, खणखण वाजले पाहिजेत, आणि मोडल्यावर आत काळं चकचकीत दिसलं पाहिजे, तपकिरी दिसलं तर अर्धकच्चा, तो डोळ्यांत पाणी आणतो. चुरा चाळून काढा, नाहीतर हवा कोंडते. हा कोळसा भरभर जळतो म्हणून मी त्यात करवंटीच्या कोळशाचे ठोकळे मिसळते, ते सावकाश जळतात.

सगळा एकदम पेटवू नका, कच्चा पसरून वर थोडे निखारे ठेवायचे, एकेक पेटत जातो, खालच्या झडपेनं १०७ ते १२० अंश सेल्सिअस राखायचं. यासाठीच तर पेटवायला रॉकेल वापरू नका म्हणते, कोळसा तासन्तास नव्यानं पेटत असतो, तो वास शेवटपर्यंत मटणात जातो. धुराला पेरूचं नाहीतर आंब्याचं वाळलेलं लाकूड घाला. काजूची टरफलं मात्र चुकूनही नकोत, खानापूर-चंदगडात ढिगानं मिळतात पण त्यातलं तेल कातडी भाजतं, धूरही बाधतो.

*

वहिनी, फार उपकार झाले बघा. कोळसा आत्ताच आणून ठेवला तर चालेल ना? आणि थंडी पडली तर स्मोकर पडवीत घेऊ का?

*

ठेवा की, पण फरशीवर नको, फळीवर ठेवा आणि पोत्याचं तोंड बांधा, ओल धरतो कोळसा. स्मोकर मात्र अंगणातच, पडवीत अजिबात नको ओ, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, कळतच नाही माणसाला. जेवणं झाल्यावर झडपा सगळ्या बंद करा, विस्तव आपोआप विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो.