कॉलेजच्या मॅगझिनमधल्या 'फॅकल्टी अचिव्हमेंट्स' किती सिरियसली घ्यायच्या?

सहकारनगरची_ताई

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं एमबीएचं चाललंय, सीईटी झाली, ९१ च्या आसपास पर्सेंटाईल आलंय म्हणजे ना धड वरचं ना धड खालचं, आणि आता कॅप राउंडचा (सरकारी केंद्रीय प्रवेशाचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय. घरात असल्या फॉर्मांचं खातं माझ्याकडे असतं पण मी पडले बीफार्म, मॅनेजमेंटमधलं मला ओ की ठो कळत नाही.

पुण्यातली चार कॉलेजं फिरून आलो. प्लेसमेंटचे आकडे सगळेच फुगवतात हे एव्हाना शेंबड्या पोरालाही माहितीय, म्हणून म्हटलं शिकवतं कोण ते तरी बघू. तर एका कॉलेजात रिसेप्शनवरच चकचकीत मॅगझिन हातात दिलं, सहा पानं नुसती प्राध्यापकांची. एका वर्षात १४२ पेपर, ३१ पेटंट, ९ पुस्तकं, चौघांची पीएच.डी. झाली, आणि एक सर 'जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत'. फोटो मोजले तर फॅकल्टी २३. दुसऱ्या एका कॉलेजच्या साइटवर त्याच वर्षाचे ११ पेपर आणि दोन केस स्टडी, खेळ खल्लास.

भाऊ म्हणतो विषयच नाही, पहिलंच घ्यायचं. मला मात्र कुठेतरी खटकतंय. म्हणजे एचआर शिकवणाऱ्या मॅडमच्या नावावर पेटंट असतं ते कशाचं? कोणी आतलं असेल तर सांगा प्लीज.

लकडीपुलावरून

२३ जणांत १४२ म्हणजे माणशी सहा, दर दोन महिन्यांनी एक शोध. आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर इतका रेग्युलर येत नाही.

मास्तर_रात्रपाळी

ताई, मी पुण्यातल्याच एका एमबीए कॉलेजात १२ वर्षं शिकवतोय, कुठलं ते विचारू नका, होम लोन चालू आहे. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, मग माझं रडगाणं.

हा सगळा मार्कांचा खेळ आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत एक तक्ता आहे, त्यात मॅनेजमेंटवाल्याच्या एका पेपरला १० मार्क, पेटंट नॅशनल असेल तर ७ आणि इंटरनॅशनल असेल तर १०, पुस्तक इंटरनॅशनल पब्लिशरचं असेल तर १२. दोन लेखक असले की दोघांना ७०-७० टक्के, आणि दोनाच्या वर गेले की मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. आता गंमत बघा, मी एकट्याने रात्री जागून पेपर लिहिला तर १० मार्क, आणि तोच पेपर सहा जणांच्या नावावर टाकला तर पहिल्याला ७ आणि उरलेल्या पाच जणांना ३-३ म्हणजे सगळे मिळून २२ मार्क तयार झाले की नाही, कुठल्या बँकेत इतकं व्याज मिळतं सांगा. प्रमोशन, इंटरव्ह्यू, प्रायव्हेट कॉलेजातलं अप्रेझल, सगळीकडे हाच तक्ता किंवा त्याची मोडतोड केलेली आवृत्ती चालते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आम्हाला मेसेज येतात, 'फर्स्ट पोझिशन सोल्ड, थर्ड अँड फिफ्थ अव्हेलेबल'. लेखकांच्या यादीतल्या जागा, शिवनेरीच्या सीटा विकतात तसं.

आता एचआरच्या मॅडमचं पेटंट. त्या मॅडमचं मला माहीत नाही, पण माझ्या एका सहकाऱ्याचं 'ब्रिटिश पेटंट' मी या डोळ्यांनी बघितलंय. सर्टिफिकेटवर चित्र आहे, एक चौकोनी डबा, वर अँटेना, समोर दोन गोल बटणं, आणि खाली नाव काय तर एआय बेस्ड एम्प्लॉयी स्ट्रेस डिटेक्शन डिव्हाइस. शोधकर्ते आठ, त्यातले एक सिव्हिलचे, एक बॉटनीच्या मॅडम, आठही जण एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. मुळात ते पेटंट नव्हतंच, डिझाइन रजिस्ट्रेशन होतं. म्हणजे डबा दिसतो कसा एवढीच नोंद, आत काही आहे की नाही याच्याशी संबंध नाही, आणि ब्रिटनचं ऑफिस ते डिझाइन नवीन आहे का हे रजिस्टर करताना तपासतही नाही. पण कागदावर 'यूके' लिहिलंय ना, मग ते ७ च्या ऐवजी १० च्या रकान्यात घालायचं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले, मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू.

इंडियन पेटंट लिहिलं असेल तर एवढंच विचारा, नुसतं पब्लिश झालंय की ग्रँट, म्हणजे तपासून मंजूर? अर्ज केला की १८ महिन्यांनी तो आपोआप पब्लिश होतो, फॉर्म ९ भरून जादा फी दिली की महिन्याभरातच होतो. त्यात कोणी काही तपासलेलं नसतं, तपासणीचा अर्ज वेगळा, फी वेगळी. २०२१ पासून शिक्षण संस्थांना पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, हेतू चांगलाच होता.

आता रडगाणं. आठवड्याला १६ तास लेक्चर. सीईटीचा रिझल्ट लागला की २०० पोरांची यादी हातात, फोन करून ॲडमिशनला बोलवायचं. नॅक, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणारे, आले की दोन महिने फाइली. या सगळ्यातून मी एक पेपर केला, पिंपरी-चिंचवडमधल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या उधारीवर. दोन जर्नल्सनी दारातूनच परत पाठवला, तिसऱ्याने घेतला पण रिव्ह्यूअर म्हणाला अर्धा डेटा पुन्हा गोळा करा, परत निगडी-भोसरी पायपीट. एकूण तीन वर्षं. अप्रेझलला विचारलं, 'एकच?' त्याच वर्षी बाजूच्या केबिनवाल्याने सात केले, त्याला बुके आणि मॅगझिनमध्ये पान नंबर दोन. हे लिहिताना मी जळतोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

सहकारनगरची_ताई

बाप रे सर. पण मग चांगला पेपर आणि पोझिशनवाला पेपर यातला फरक माझ्यासारखीला कळणार कसा? मॅगझिनमध्ये सगळ्यांपुढे 'इंटरनॅशनल जर्नल' असंच लिहिलंय.

थिसिस_लटकलाय

मी सांगतो, मॅनेजमेंटमध्येच पीएच.डी. करतोय, पाचवं वर्ष, गाईड परदेशात गेलेत. (परत आले की बोलतील.)

नावात 'इंटरनॅशनल' असणं म्हणजे हॉटेलच्या नावात 'डीलक्स' असणं. बघायचं ते जर्नलचं नाव आणि ते कुठल्या लिस्टमध्ये बसतं. बिझनेस स्कूलच्या जगात एबीडीसी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या डीन लोकांच्या कौन्सिलची लिस्ट चालते, त्यात ए स्टार, ए, बी, सी अशा चार पायऱ्या. २०२२ च्या लिस्टमध्ये २,६८० जर्नल्स होती आणि त्यातली ए स्टार फक्त १९९. त्याहून कडक म्हणजे फायनान्शियल टाइम्सची ५० जर्नल्सची यादी, त्यात एक पेपर लागला तर माणूस चार-पाच वर्षं त्या एकाच पेपरवर बसलेला असतो. म्हणून मास्तरांनी तीन वर्षं एका पेपरला घातली हे ऐकून मला जराही आश्चर्य वाटलं नाही, सर, कुठली पायरी होती?

आणि यात आपल्या पुण्याचा एक धागा आहे. यूजीसीची आधी एक 'अप्रूव्हड' जर्नल्सची यादी होती, विद्यापीठांनी सुचवलेली नावं त्यात घातलेली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या लोकांनी त्यातली नमुन्यादाखल तपासली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स उडवली. पुढे तिच्या जागी 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचं तपासणीचं कामही पुणे विद्यापीठातच चालायचं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली, आता म्हणे ज्याने त्याने आपापलं ठरवा. तेव्हा आता 'यूजीसी केअर' असं कोणी नव्या पेपरपुढे छापत असेल तर तारीख बघा.

ते टॉप २ टक्के मात्र थापच असेल असं धरू नका. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या रिसर्च पेपरांच्या डेटाबेसवरून दरवर्षी काढतात ती यादी, खरी आहे. फक्त तिच्यात दोन याद्या असतात, एक आख्ख्या करिअरची आणि एक नुसत्या एका वर्षाची, आणि मॅगझिनवाले कुठली ते कधीच सांगत नाहीत. शिवाय स्वतःच स्वतःच्या जुन्या पेपरांचे दिलेले संदर्भ धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे त्यात दिलेले असतात, ते बघितले की बरंच कळतं. आणि 'स्टॅनफर्डने गौरवलं' वगैरे काही नसतं, कोणी शाल-श्रीफळ देत नाही.

मास्तर_रात्रपाळी

@थिसिस_लटकलाय 'बी' पायरी. 'ए'ची स्वप्नं रिटायरमेंटनंतर.

कॅम्पस_हायरिंगवाली

मी रिक्रूटर आहे, हिंजवडीत. नऊ वर्षांत एकाही कँडिडेटला मी विचारलं नाही की तुझ्या सरांचे पेपर किती. पण बोलायला लागल्यावर दोन मिनिटांत कळतं की याला कोणीतरी वर्गात उभं करून प्रश्न विचारलेत का नुसत्या स्लाइड्स दाखवल्यात. तो कॉलम कुठल्याच मॅगझिनमध्ये नसतो बाई.

नऱ्हे_ते_नगररोड

ताई, तुम्ही त्या दुसऱ्या कॉलेजच्या दोन केस स्टडींना 'खेळ खल्लास' म्हणालात ना, तिथे जरा थांबा.

मी २०२४ ला पास झालो. आम्हाला ऑपरेशन्सला एक सर होते, नावावर पेटंट शून्य, स्टाफच्या बोर्डावर फोटो सगळ्यात खाली. त्यांनी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपवर (पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या वर्कशॉपवर) केस लिहिली होती. केस म्हणजे कंपनीची गोष्ट निर्णयाच्या टोकापर्यंत आणून सोडायची, पुढे काय करायचं ते वर्गाने भांडायचं, आणि शिकवणाऱ्यासाठी वेगळी टीचिंग नोट. छापायची तर मालकाची लेखी परवानगी लागते, आणि मालक लोक आपले आकडे बायकोला दाखवत नाहीत, सरांना कुठून देणार. सर सव्वा वर्ष दर शनिवारी तिथे जाऊन बसायचे, शेवटी मालकच म्हणाला घ्या काय पाहिजे ते.

ती केस शिकवली त्या दिवशी सरांनी न सांगता मालकालाच शेवटच्या बाकावर आणून बसवलं. आम्हाला वाटलं नवीन क्लार्क असेल. पाऊण तास आम्ही इन्व्हेंटरीवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या मालावर भांडलो, इन्व्हेंटरी कमी करा, जस्ट इन टाइम करा, म्हणजे माल लागेल तेव्हाच मागवा, फळ्यावर फॉर्म्युले. मग आमच्यातला एक हुशार उठला, म्हणाला खरा प्रॉब्लेम मोठ्या कंपनीकडून पैसे ९० दिवसांनी येतात हा आहे, कायद्याने छोट्या उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, तक्रार करा. मागून तो माणूस हसला आणि म्हणाला, 'तक्रार करतो की. पुढची ऑर्डर तू देणार का?' वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्यानंतरचा अर्धा तास त्याने जे सांगितलं, बिल कधी पाठवायचं, मटेरियल कोणाकडून उधार घ्यायचं, पगाराच्या आठवड्यात फोन कोणाला करायचा, ते मी आजही चाकणला नोकरीत वापरतो.

मॅगझिनमध्ये त्यावर काय आलं? 'प्रा. अमुक यांची एक केस प्रकाशित.' एक ओळ. शेजारी डबा-अँटेनावाल्याचं अर्धं पान.

तेव्हा त्या कॉलेजात जा आणि म्हणा ती केस वाचायला द्या. देतात का, आणि कोण देतं, ते बघा.

लकडीपुलावरून

@नऱ्हे_ते_नगररोड ते सर अजून आहेत का तिथे?

नऱ्हे_ते_नगररोड

नाही. दुसरीकडे गेले, रिसर्च स्कोअर कमी भरत होता म्हणे.

मास्तर_रात्रपाळी

हे वाचून आज चहा गोड लागेना. पण एक सांगतो ताई, पेपरवाले सगळे चोर आणि केसवाले सगळे संत असंही करू नका. आमच्याकडे एक मॅडम आहेत, ए कॅटेगरीत दोन पेपर, आणि लेक्चरला खिडकीतून पोरं डोकावतात इतकी गर्दी. तेव्हा मॅगझिनमधली दोन-तीन नावं उचला, गूगल स्कॉलरवर टाका, काय विषयावर लिहिलंय बघा. एकाच माणसाचे एका वर्षात ब्लॉकचेन, आयुर्वेदिक टुरिझम, महिला बचत गट आणि क्वांटम कम्प्युटिंग असे पेपर दिसले की समजून जा. सुधारणा थोडी होतेय, एनआयआरएफने, म्हणजे कॉलेजांच्या सरकारी रँकिंगने, २०२५ पासून जर्नलने मागे घेतलेल्या पेपरांसाठी मार्क कापायला सुरुवात केलीय, तेव्हापासून आमच्या डीनना अचानक 'क्वालिटी' हा शब्द आठवायला लागलाय.

सहकारनगरची_ताई

मंडळी, अपडेट. मास्तरांनी सांगितलं तसं पाच नावं टाकून बघितली. एक सर खरोखर चांगले निघाले, सगळं काम ग्रामीण बँकिंगवर, चांगल्या जर्नल्समध्ये, आणि मॅगझिनमध्ये ते चक्क पान पाचवर, फोटोसुद्धा नाही. दुसऱ्या एकांचे १७ पेपर, त्यात एक मत्स्यव्यवसायावर आणि एक डीप लर्निंगवर. ३१ पेटंटांबद्दल रिसेप्शनवर विचारलं, ग्रँट किती? ती मुलगी आत जाऊन आली आणि म्हणाली, 'सर बोलले की सगळी इंटरनॅशनल आहेत.'

काल दुसऱ्या कॉलेजात गेलो, केस वाचायला मिळेल का विचारलं. शिपायाने एका मॅडमच्या केबिनमध्ये नेलं, त्या आधी जरा गडबडल्या, कोणी मागितलीच नसेल बहुतेक. मग कपाटातून झेरॉक्स काढून दिली, कोपरा उंदराने कुरतडलेला. मंडईतल्या एका घाऊक मसालेवाल्यावर आहे. भावाने स्वारगेटपर्यंत बसमध्ये वाचली आणि उतरल्यावर मला विचारतो, ताई, त्याने दुसरं दुकान घ्यायला नको होतं ना? मी म्हटलं मला काय विचारतोस, त्यांना फोन कर, नंबर कव्हरवर लिहून दिलाय. केला. वीस मिनिटं बोलत होत्या.

फॉर्मची मुदत परवा आहे. अजून ठरत नाहीये, कॅन्टीन पहिल्याचं चांगलं आहे म्हणतो.