मदत हवी आहे: नाइस या पट्टेदार खडकातली ही रिफ्लेक्शन्स (परावर्तनं) पट्ट्यांची की शिअर झोनची (खडक सरकून चेपलेल्या पट्ट्याची)?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा, जिओफिजिक्समध्ये एम.एस्सी. करतोय. प्रोजेक्टसाठी सरांनी धारवाड क्रेटॉनमधल्या (दक्षिण भारतातला अतिप्राचीन, स्थिर कवचाचा तुकडा) नाइसच्या भागातलं एक रिफ्लेक्शन सेक्शन (जमिनीत सोडलेल्या कंपनलहरींच्या परावर्तनांवरून काढलेलं उभ्या छेदाचं चित्र) दिलंय. जवळपास बोअरहोल नाही.

सेक्शनवर १.४ ते १.८ सेकंदांच्या (जाऊन-येऊन) मध्ये चार-पाच ठसठशीत समांतर रेघा आहेत, उत्तरेकडे किंचित कललेल्या. वेग ६ किमी/सेकंद धरला तर खोली साधारण ४.२ ते ५.४ किमी. वर-खाली सगळं धूसर. 'हेच नाइसचे पट्टे' असं म्हणून मी रिपोर्ट लिहूनही टाकला, आणि मग अडकलो.

आपल्याकडे जिकडेतिकडे काळा दगड, नाइस बघायला रायचूरकडे जावं लागतं. तिथून आणलेला एक तुकडा टेबलावर आहे. हॉर्नब्लेंडचे काळे, फेल्डस्पारचे पांढरे पट्टे, जेमतेम बोटभर जाडीचे, आणि एका कोपऱ्यात तेच पट्टे घडी पडून उलटे फिरलेले. माझ्या डेटाची मुख्य फ्रिक्वेन्सी ३० हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी २०० मीटर. ५० मीटरपेक्षा पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसायचेच नाहीत. मग या रेघा कशाच्या?

हिशेब करून बघितला. नाइसची घनता २.७ (ग्रॅम/घन सेंमी), वेग ६.०, अँफिबोलाइटची (हॉर्नब्लेंडने भरलेला काळा, जड खडक) ३.० आणि ६.८. परावर्तन गुणांक (लहरीचा किती भाग परत फिरतो ते) ०.११ आला, कठीण खडकात हा चांगलाच मोठा. तेव्हा अँफिबोलाइटचे जाड पट्टे असू शकतात. पण जर्मनीतल्या केटीबी या संशोधनासाठी खणलेल्या खोल बोअरहोलबद्दल (९,१०१ मीटर) वाचलं आणि झोप उडाली. तिथेही नाइस आणि अँफिबोलाइट आलटूनपालटून, पण थर तीव्र उताराचे. आणि जमिनीवरून ठळक दिसणारं एक रिफ्लेक्शन चुरडलेल्या फॉल्ट झोनचं निघालं.

बोअरहोल नसताना हा फरक ओळखायचा कसा? रिपोर्ट नव्याने लिहायची तयारी आहे.

प्रतिसाद:
आधी पोलॅरिटी (रेघ सुलट की उलट) बघा. नाइसखाली अँफिबोलाइट आला तर इंपीडन्स (घनता गुणिले वेग) वाढतो. पाणी भरलेल्या भेगाळ पट्ट्यात तो घटतो, रेघ उलटी येते. पण पातळ थरांचा जुडगा असेल तर माथ्याचे-तळाचे तरंग एकमेकांत मिसळतात, एका रेघेवर भरवसा ठेवू नका. त्याहून महत्त्वाचं, या रेघा आजूबाजूच्या फिकट रेघांना कापून जातात का? कापत असतील तर माझा कल शिअर झोनकडे. मायलोनाइटमध्ये (शिअर झोनमध्ये चेपून बारीक झालेला खडक) अभ्रक एका दिशेने लागलेला असतो, त्यामुळे पत्र्यांना आडव्या दिशेने वेग कमी होतो आणि नुसत्या त्या फरकानेही रिफ्लेक्शन येऊ शकतं. तीव्र उताराचे पट्टे मात्र अशा सेक्शनवर बहुधा दिसतच नाहीत. सेक्शनला एजीसी (फिकट-ठळक सगळे तरंग एका पातळीवर आणणारी प्रक्रिया) लावलंय का?

धागाकर्ता:
हो, लावलंय! म्हणजे ठळकपणावरून मी काढलेले निष्कर्ष काढून टाकावे लागणार. फर्स्ट ब्रेकशी (सगळ्यात आधी पोचलेला तरंग) ताडून बघितलं, खालच्या दोन रेघा उलट्या वाटतायत, वरच्यांचं कळत नाही. सोमवारी सरांकडे एजीसी न लावलेला डेटा मागतो आणि इथेच कळवतो. मनापासून आभार.