एका दिवसात बँकॉक : नदीकाठ तरी नक्की होतो
बँकॉक एका दिवसात होतं का असं विचारलंय, तर सगळं नाही होत पण नदीकाठचं आरामात होतं, आम्ही आईबाबांना घेऊन केलंय. ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच दारात हजर राहा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाही, आणि हो, कपडे खांदे-गुडघे झाकणारे घाला. आत पाचूच्या बुद्धाचं दर्शन झालं की लगेच निघू नका, भोवतीच्या ओवऱ्यांत रामाकियन म्हणजे थाई रामायणाची 178 भित्तिचित्रं आहेत. त्यात पांढराशुभ्र मारुती दिसला आणि आई तिथेच हात जोडून उभी राहिली, एवढ्या लांब येऊन आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं म्हणाली. तिथून चालत वाट फो (थाईत 'वाट' म्हणजे बौद्ध मंदिर). 46 मीटरचा निजलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर शिंपल्याचं जडावकाम आहे ते निवांत बघाच. पाठीमागे ओळीने 108 काशाची भांडी असतात, एकेकात नाणं टाकत जायचं, ती टणटण अजून कानात आहे. मग था तियेन धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण. मॉल्स मात्र दुसऱ्या दिवशी ठेवा, घाई करू नका.