'मॉश पिट'ला मराठीत काय म्हणावं?

मुळामुठा: पुण्यात मुंढव्याला झालेल्या मेटल संगीताच्या कार्यक्रमावर लेख लिहितोय. स्टेजसमोर गर्दीतच मोकळी जागा करून पोरं एकमेकांवर अंग झोकतात, त्याला संपादकांनी 'धक्काबुक्की' केलंय. पटत नाही. पर्याय सुचवा. आणि पिट तो, ती की ते?

शनिवारपेठी: धक्काबुक्की पीएमटी बसच्या दारात होते, आणि ती कुणालाच नको असते. इथे हौसेने करतात म्हणता, तर 'हुल्लड' म्हणा.

डबलबेस: काका, हुल्लड नको. पिटात कुणी पडला की आजूबाजूचे आधी त्याला बखोटीला धरून उभा करतात. परवा एकाचा चष्मा पडला. एकाने हात पसरून लोंढा थोपवला, दुसऱ्याने मोबाइलच्या उजेडात चष्मा शोधून उंच धरला. मालक सापडला, पुन्हा दणका सुरू. मुद्दाम कोपरं मारणाऱ्याला मात्र बाहेरचा रस्ता.

शब्दवेडी: 'मॉश' रूढ झाला तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, वॉशिंग्टनच्या हार्डकोर पंक संगीतवाल्यांत. बॅड ब्रेन्स या बँडचा गायक जमैकन ढंगात 'मॅश' म्हणायचा, लोकांना 'मॉश' ऐकू यायचं, अशी कथा सांगतात. मॅश म्हणजे चेचणं. पण म्हणून 'चेंगराचेंगरी' लिहाल तर अनर्थ होईल! डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात २००० साली ९ जण गेले, ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्डमध्ये २०२१ साली १०. ती चेंगराचेंगरी. छातीवर एवढा दाब येतो की श्वास घेता येत नाही, हलायलाही जागा नसते. पिटाला तर आधी जागाच लागते. कॉर्नेल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा कार्यक्रमांचे व्हिडिओ तपासून २०१३ साली निबंध छापला होता. मॉश करणारे वायूच्या कणांसारखे वाट्टेल तसे आपटतात आणि सर्कल पिटात, म्हणजे सगळे गोल धावतात तिथे, भोवरा तयार होतो, असं त्यात आहे.

तिसरी घंटा: पण पिट मराठीत नवा कुठे आहे? 'पिटातला प्रेक्षक' हा नाटकवाल्यांचा जुना शब्द. स्वस्त तिकिटाचा, शिट्ट्या मारणारा. नाकं मुरडून म्हणायचे, पण म्हणायचे. सामान्यरूपासकट शब्द घरात असताना भाषांतराची खटपट कशाला?

डबलबेस: हे भारी! आम्ही 'पिट ओपन झाला' म्हणतो, म्हणजे पुल्लिंगी.

शनिवारपेठी: सर्कल पिटाला तरी 'रिंगण' म्हणा.

शब्दवेडी: अर्थाने चपखल, पण वाचकाच्या डोळ्यांपुढे माउलींचा अश्व येणार. एखाद्या वाक्यात चालेल, संज्ञा म्हणून नको. आणि 'वॉल ऑफ डेथ' तसंच ठेवा. दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात, गाण्यात ठोका पडला की एकमेकींवर धावून जातात, एवढं सांगितलं की झालं. 'मृत्यूची भिंत' छापलंत तर लोक पोलिसांना फोन करतील.

शनिवारपेठी: एक राहिलं. उपान्त्य दीर्घ हवा. तिकीट-तिकिटात, तसं पीट-पिटात.

डबलबेस: काका, 'पीट' वाचून कुणीतरी गिरणीत जाईल.

मुळामुठा: 'मॉश पिट' ह्रस्वच ठेवतो, पुढे 'पिटात', 'पिटातले'. संपादक त्याचं 'पीठ' करायच्या आत त्यांना फोन लावतो.