कोंपा ‘एकसुरी’ म्हणणाऱ्यांनो, आधी गाँग ऐका

तिरकीट

काल ‘पार्टीसाठी कॅरिबियन गाणी सुचवा’ या धाग्यावर मंद्रसप्तक यांनी कोंपावर, म्हणजे हैतीच्या नृत्यसंगीतावर, पिंक टाकली: “कोंपा म्हणजे दहा-दहा मिनिटं एकच ठेका, सगळी गाणी सारखी. त्यातलं बरं होतं ते कसावनं घेतलं आणि त्याचं झूक केलं. हैतीवाले अजून तिथंच.” (कसाव हा कॅरिबियनमधल्या ग्वादलूप-मार्टिनिक या फ्रेंच बेटांचा बँड, झूक हे त्याचं नृत्यसंगीत.) चार ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

ठेका एकच आहे हे खरं, आणि तो मुद्दाम एकच आहे. १९५५ मध्ये नेमूर जाँ-बातिस्तनं पोर्तोप्रँसमध्ये आपला बँड उतरवला तेव्हा रेडिओवर शेजारच्या डोमिनिकन मेरेंगेचा धुमाकूळ होता. नेमूरनं वेग उतरवला, मेरेंगेतल्या तांबोरा ढोलाचं काम उभ्या कोंगाकडे दिलं (हैतीत तो ‘तांबू’), आणि पुढं काउबेल व फ्लोअर टॉम ही जोडी एकाच वादकाच्या हाती सोपवली. हाच तो गाँग. तांबूचे खुले ठोके मापाच्या शेवटी येऊन पुढच्या समेवर ढकलतात. काउबेल तो धक्का धरून ठेवते, टॉम त्याला तळ देतो. तबल्यासारखं तांबूवाल्यानं मधेच तुकडे टाकले, तर नाचणाऱ्यांचा तोल जातो. म्हणून तो टाकत नाही. क्रूत्झेर द्युरोसोनं नेमूरकडे जो तांबू वाजवलाय त्यात मिरवणं शून्य, आणि त्याचा भाऊ रिशार वर अकॉर्डियनवर हवं ते करतोय.

म्हणजे हलतं ते वरचं: दोन गिटारी, बास, ब्रास. ठेका बदलत नाही म्हणून संगीत एकसुरी, हा न्याय लावला तर वारीतला भजनी ठेका केव्हाच बाद.

आणि एक. फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका. साधारण २०० हर्ट्झच्या खालचं त्यात नावालाच येतं. म्हणजे टॉम गेला, बास गेला, उरली काउबेल आणि कीबोर्ड. मग एकसुरी वाटणारच.

मंद्रसप्तक

माझ्या दोन ओळींवर एवढा निबंध! आभारी आहे. स्पीकर चांगले आहेत, काळजी नसावी.

सत्तरच्या दशकात मार्टिनिक आणि ग्वादलूपच्या नाचघरांत हैतीच्या बँडांचं राज्य होतं. स्थानिक पोरं त्यांचीच नक्कल करून पोट भरत होती. १९७३ मध्ये डोमिनिका बेटाच्या गॉर्डन हेंडरसननं एक्झाइल वन या बँडमध्ये त्यात कॅलिप्सो मिसळून पहिली फट पाडली. १९७९ मध्ये प्येर-एदुआर देसिम्यूस आणि जाकोब देव्हार्यू यांनी कसाव काढला, तो ‘आमचं स्वतःचं काय?’ या प्रश्नातून. त्यांनी ग्वादलूपचे ग्वोकाचे ढोल आणि कार्निव्हलचा ताल घेतला, पॅरिसच्या चांगल्या स्टुडिओत ब्रास आणि सिंथ चढवले. रिमवरचा झूकचा तो ३+३+२ ऐका. आठ मात्रांत जोर पहिल्या, चौथ्या आणि सातव्यावर. नेमूरच्या गाँगवर हे नाही. कसाव म्हणजे कोंपाचा डबा गरम करून वाढलेला, असं म्हणणं ग्वादलूपवाल्यांचा अपमान आहे.

तिरकीट

डबा गरम केला असं मी कुठं म्हटलंय? ‘त्यातलं बरं ते घेतलं’ हे तुमचं वाक्य आहे. आता स्वतःच सांगताय की मालमसाला ग्वोकाचा. ठरवा एकदा.

बाकी ३+३+२ ही कसावची मिरासदारी नाही. अर्ध्या कॅरिबियनमध्ये तो पसरलेला आहे. आणि देसिम्यूस बंधू कसावआधी व्हायकिंग्ज द ला ग्वादलूपमध्ये होते, त्या बँडची रोजीरोटी कादांसवरच (कोंपाच्याच जातकुळीचं संगीत) होती. हात तिथंच बसलेला.

रांपा_६२

नेमूर, नेमूर, नेमूर. वेबेर सिको कुठाय? दोघं आधी एकत्र होते. वेगळं झाल्यावर सिकोनं ‘कादांस रांपा’ काढलं, आणि तुम्ही दोघं ज्याला नुसतं कादांस म्हणताय ते अँटिल्समध्ये (ग्वादलूप-मार्टिनिककडच्या बेटांत) रुजलं त्यात त्याच्या दौऱ्यांचा वाटा मोठा. सॅक्सोफोन वाजवण्यात तर तुलनाच नाही. नेमूर ठेक्याचा माणूस होता, सिको हार्मनीचा. त्याच्या ब्रासच्या मांडणीत जॅझ ऐकू येतो. कार्निव्हलला दोघांचे समर्थक फुटबॉलच्या संघांसारखे एकमेकांवर गुरगुरायचे. इथं मात्र एकाचाच झेंडा.

तिरकीट

हे मान्य. सिको राहिला. (ठेका मात्र नेमूरचाच. ह. घ्या.)

बेसवाला_नाना

सगळे मूळ शोधताय, मेलेलं माणूस समोर आहे ते कुणाला दिसत नाही. कोंपा मारला तो कीबोर्डनं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ‘नूव्हेल जेनेरास्यों’ आली, ब्रास सेक्शनला घरी पाठवलं, ड्रम मशीन आणलं. मिशेल मार्तेली, म्हणजे स्वीट मिकी, कीबोर्डच्या जोरावर राजा झाला आणि २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षही झाला. आता तर लॅपटॉपवरून ट्रॅक सोडतात, गायक वरून गातो. नकली ट्रम्पेटचा तो प्लॅस्टिकचा आवाज ऐकला की कानात कापूस घालावासा वाटतो.

सातवी_मात्रा

नाना, इतिहास अर्धाच सांगता. ब्रासला घरी पाठवलं ते कीबोर्डनं नव्हे, मिनी-जाझनं, म्हणजे छोट्या बँडांनी, वीस वर्षं आधी. १९६५ ला श्ल्यू-श्ल्यू, १९६८ ला पेत्योंव्हिलची ताबू कोंबो. शाळा-कॉलेजातली पोरं, दोन इलेक्ट्रिक गिटारी, बास, ड्रम, तांबू, गाँग, फार तर एक सॅक्स नाहीतर अकॉर्डियन. नेमूरच्या बँडला डझनभर माणसं लागायची, ती सगळी पोसायची कशी? माणसं कमी म्हणजे वाटण्या कमी. १९७५ मध्ये पॅरिसमध्ये ताबू कोंबोचं न्यूयॉर्कवरचं गाणं गाजलं तेव्हा त्यात कुठला मोठा ब्रास होता? भाव खाऊन गेलं ते अकॉर्डियन. मोठे ब्रास सेक्शन सत्तरीच्या उत्तरार्धात परतले, बँड न्यूयॉर्कला साल्सा आणि फंकच्या शेजारात जगू लागल्यावर. म्हणजे तुमचा ‘अस्सल ब्रासवाला कोंपा’ हीसुद्धा मधली एक लाटच.

बेसवाला_नाना

दोन गिटारवाली पोरं गिटार गिटारसारखी वाजवत होती. ट्रम्पेटचं सोंग आणत नव्हती. फरक कळत नसेल तर बोलून उपयोग नाही.

सातवी_मात्रा

चिडू नका. बटण दाबलं की वाजतं असं समजून जे करतात त्यांचं वाईटच वाजतं, पण तो मशीनचा दोष नाही. तांबू प्रोग्रॅम करताना चुका ठरलेल्या असतात.

पहिली, एकच सँपल सगळीकडे. निदान चार हवेत: खुला, स्लॅप, तळव्याचा बुजका, आणि बोटांच्या टोकांचा जेमतेम स्पर्श. हा चौथा सगळे गाळतात आणि ठेका तिथंच मरतो. कारण दोन मोठ्या ठोक्यांमधली जागा तोच भरतो. वेलॉसिटी (ठोक्याचा जोर) त्याची ३०-४५, खुल्याची ९०-११०, स्लॅप ११५ च्या वर. सगळं १०० वर ठेवलं की मशीनगन.

दुसरी, सगळं ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या समान अंतराच्या रेघांवर, चिकटवणं. काउबेल ग्रिडवर ठेवा, ती कणा आहे. बोटांचे स्पर्श १०-१५ मिलिसेकंद मागे सरकवा. मापाच्या शेवटचे दोन खुले ठोके सरकवू नका, उलट दुसरा किंचित जोरात ठेवा, नाहीतर समेवर ढकलण्याऐवजी ठेका मागे बसतो.

तिसरी, टॉम आणि किक (पायानं वाजवायचा ड्रम) एकाच जागी. दोन्ही ६० ते १०० हर्ट्झमध्ये भांडतात आणि वरून बास येऊन त्यांना चिरडतो. टॉमचा सूर गाण्याच्या षड्जाशी नाहीतर पंचमाशी जुळवा, किक आखूड करा, बास त्या दोघांच्या मधून जाऊ द्या.

नकली ट्रम्पेटबद्दल तुमच्याशी सहमत. पण चांगले कोंपा कीबोर्डवाले ट्रम्पेटचं सोंग आणतच नाहीत. गुयाडच्या भागात बँड मंदावतो, गायक थांबतो, तिथं सिंथचा लांब सोलो ऐका. तो स्वतंत्र आवाज आहे, नव्वदीनंतरच्या कोंपाची ओळखच ती.

मंद्रसप्तक

मूळ प्रश्न काय होता आणि आता टॉम षड्जात लावतोय आपण. 😀

पमाताई

धागा भरकटलाच आहे तर माझीही काडी. पुण्या-मुंबईच्या डान्स क्लासांत ‘झूक’ म्हणून जे शिकवतात ते ब्राझिलियन झूक. १९८९ ची लांबाडा नाचाची लाट ओसरल्यावर ब्राझीलच्या नर्तकांनी झूकची गाणी लावून तोच नाच पुढं चालू ठेवला, त्यातनं ते आलं. पायांची गत एक लांब, दोन आखूड. शेजारच्या खोलीत किझोम्बा, अंगोलाची. ऐंशीच्या दशकात कसाव लुआंडात प्रचंड गाजला, तिथल्या सेम्बात झूक मिसळला, एदुआर्दू पाइमसारखे लोक पुढं आले. आणि मग कुणी कोंपा लावला की दोन्ही खोल्यांतली मंडळी त्यावर आपापल्या स्टेप्स चढवतात.

कोंपाला चाल लागत नाही हो! पाय एका फरशीत मावतात. प्रत्येक ठोक्याला वजन या पायावरून त्या पायावर, गुडघा सैल, कंबर आपोआप फिरते. कंबर मुद्दाम फिरवली की खांदे हलतात आणि समोरच्याला हादरे बसतात, नवशिक्यांची हीच चूक. ब्राझिलियन झूकसारखं डोकं मागं टाकलंत तर जोडीदाराशी असलेला छातीचा टेकू सुटतो आणि मग दोघं दोन वेगळ्या गाण्यांवर नाचताहेत असं दिसतं. पार्टीच्या धाग्यावर ‘दहा मिनिटं कंटाळा येतो’ म्हणणाऱ्यांनी आधी उभं राहून बघावं. बसून ऐकायचं संगीतच नाही ते.

तिरकीट

ताई, शेवटचं वाक्य मूळ लेखात हवं होतं. फक्त भर: स्ट्रीमिंगवरचे तीन मिनिटांचे तुकडे ऐकून काही कळत नाही. कोंपाची जिवंत मैफल अशी चढते की आधी गाणं, मग ब्रेक, मग फक्त तांबू-गाँग, मग एकेक वाद्य परत. छोट्या आवृत्तीत कापतात तो नेमका हाच अर्धा भाग.

मंद्रसप्तक

म्हणजे दहा मिनिटं लागतात हे तुम्हीही मान्य केलंत. छान.

आता गंभीरपणे. ‘हैतीवाले अजून तिथंच’ एवढं मागे घेतो, ते सुद्धा जोए द्वेत फिलेमुळे. त्याचं ‘कात कांपे’ २०२४ मध्ये जगभर वाजलं, पुढच्या वर्षी नायजेरियाच्या बर्ना बॉयनं त्यावर गाऊन घेतलं. पण पोरगा फ्रान्समध्ये वाढलेला, निर्मिती तिथलीच. कोंपा तगला तो पॅरिस, न्यूयॉर्क, मायामीत. कारिमी हा बँडसुद्धा २००१ चा, न्यूयॉर्कचाच. पोर्तोप्रँसमधून आज काय येतं ते सांगा.

रांपा_६२

राबोडे येतं, रस्त्यावरचं, रारा या मिरवणुकीच्या संगीताच्या तालावर कॉम्प्युटर चढवून. कोंपाच्या बॉलसाठी हॉल लागतो, रात्रभर वीज लागते आणि पहाटे घरी सुखरूप पोचता यावं लागतं. टोळ्यांनी शहर कापून टाकलंय, लोक संध्याकाळीच दारं लावतात. बँड तिथं राहून तगला नाही म्हणून ठपका ठेवायचा, की तरीही ठेका बदलला नाही याचं कौतुक करायचं?

बेसवाला_नाना

ठेका बदलला नाही, बास बदलला. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बास मापाच्या शेवटी सम सोडून देतो, तिथं टॉम एकटा बोलतो. आता कीबोर्डचा डावा हात आणि बास दोघंही समेवर धाडकन बसतात, टॉमला जागाच नाही. सातवी_मात्रा, तुमच्या त्या हर्ट्झच्या भांडणाचं मूळ हे आहे. ईक्यूनं (आवाजाचे पट्टे कमीजास्त करून) नाही मिटायचं. डावा हात खिशात घालायला सांगा.

सातवी_मात्रा

हे मात्र बरोबर बोललात. मशीनविरुद्ध बोलण्याच्या नादात का होईना.

बेसवाला_नाना

मशीनविरुद्धच बोलतोय. मशीनला डावा हात नसतो, खिसाही नसतो.